पाडव्याचे साल आणि हजेरीची वही

चैत्र-वैशाखात शहरांतून व्याख्यानमाला भरतात. त्याच सुमारास शहराच्या वेशीबाहेर, नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील गावोगावी, एक निराळीच बोलणी नुकतीच उरकलेली असतात. गुढीपाडव्याला सालगड्याचे जुने साल फिटते आणि नवे साल धरले जाते. ओसरीवर मालक बसतो, समोर गडी बसतो, आणि दोघांच्या विश्वासातला कोणी शहाणा माणूस मध्ये असतो. वर्षाची रक्कम किती, ज्वारी किती पोती, धोतरजोडी आणि वहाणा द्यावयाच्या की नाही, मागची उचल कशी वळती करावयाची, हे सारे तोंडी ठरते. काम किती तास करावयाचे हे मात्र ठरत नाही. पहाटे बैलांपुढे वैरण टाकण्यापासून रात्री राखणीला जाण्यापर्यंत जे जे पडेल ते ते सालात आले. गडी एखाद्या दिवशी आला नाही तर त्याचा ‘खाडा’ पडतो. केलेल्या कामाचा हिशेब कोणी ठेवीत नाही. न केलेल्या दिवसाचा मात्र बिनचूक ठेवला जातो.

कामगारांच्या हक्कांवर बोलावयाचे ठरवून आम्ही ओसरीवरच्या या बोलण्यांपासून आरंभ केला, याचे कोणास नवल वाटेल. हा विषय निघाला की गिरण्या, संप आणि कायदे यांची मालिका डोळ्यांपुढे येते. ती खोटी नाही. परंतु आमच्या भागात कारखाने थोडे आणि शेत, अडत, रस्ते यांवर राबणारे हात फार. त्यांच्या बाबतीत खरा प्रश्न अगदी साधा आहे. केलेल्या कामाची नोंद कोणी ठेवावयाची, आणि ज्याने काम केले त्याला ती पाहता येते की नाही? नांदेड-लातूरकडच्या कष्टकऱ्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा ती वही एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली याचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे जिल्हे पाच होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. या राज्यात कामाचे अनेक प्रकार असे होते की, त्यांस काम म्हणण्याचीच पद्धत नव्हती. अंमलदार मुक्कामाला आला की त्याचे सामान वाहणे, सरपण-पाणी पुरविणे, निरोप घेऊन पुढच्या गावी धावणे ही वेठ. गावकीची कामे महारांनी करावयाची ती वतन म्हणून. म्हणजे रात्रंदिवस राबावे, आणि त्याबद्दल जे मिळे ते मजुरी म्हणून नव्हे तर रिवाज म्हणून हाती पडावे. त्यापलीकडे कर्जापोटी राबण्याची चाल होती. तेलंगणाकडे अशा गड्याला ‘भागेला’ म्हणत, आणि नांदेडचा पूर्वेकडचा मुलूख त्या बाजूला लागूनच आहे. लग्नासाठी किंवा दुखण्यासाठी उचललेल्या थोड्याशा रकमेपायी माणूस वर्षानुवर्षे एका घरी बांधला जाई. हा प्रकार इतका बोकाळला की, १९३६ साली हैदराबाद सरकारला भागेला करारांवर स्वतंत्र कायदा करावा लागला.

येथे वही नव्हती असे मात्र कोणी समजू नये. वही होती, ती सावकाराच्या घरी होती. तीत मुद्दल होते, व्याज होते, आणि खाली अंगठा होता. गड्याने किती पेरले, किती खुरपले, किती रात्री जागून काढल्या याचे एक पानही तीत नव्हते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि नंतर अहमदनगरकडे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांनी मुख्यतः खते आणि रोखे मागून घेऊन जाळले. लिहिलेल्या कागदाचा धाक काय असतो हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. तेव्हा लेखी झाले की न्याय झाला, असा भोळा सिद्धान्त आम्ही मांडीत नाही. लेखणी एकाच्याच हातात असली की कागद हाही दोरखंडच होतो.

दुसऱ्या प्रकारची वही प्रथम दिसते ती गिरणीत, आणि त्यासाठी थोडे मुंबईकडे वळणे भाग आहे. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. मागण्या काय होत्या? आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन मिळावे. यांतली जवळजवळ प्रत्येक मागणी घड्याळाची किंवा तारखेची आहे. पगार वाढवा, एवढेच म्हणून हे लोक थांबले नाहीत. आमचा दिवस कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो ते ठरवा, असे त्यांनी म्हटले. रविवारची सुटी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. आज रविवारी दुपारी जो तो निवांत वामकुक्षी घेतो. लोखंड्यांचे नाव त्यांतल्या किती जणांस ठाऊक असेल, कोण जाणे.

नांदेडला गिरणीचा भोंगा वाजला तो यानंतर पुष्कळ वर्षांनी. आगगाडी १९०० च्या सुमारास येऊन गेली होती, कापूस भोवताली पिकतच होता. पुढे निजाम उस्मान अली खान यांच्या नावाने उस्मानशाही मिल उभी राहिली. १९२९ साली हैदराबाद सरकारने उद्योगधंद्यांसाठी जो औद्योगिक निधी स्थापन केला, त्याचे पाठबळ या गिरणीला लाभले, आणि १९३४ साली वरंगळला आझमजाही मिल निघाली तेव्हा राज्यात या दोन सरकारी जिव्हाळ्याच्या गिरण्या झाल्या. खेड्यातून आलेल्या माणसाला तेथे प्रथमच एक नंबर मिळाला, पाळी मिळाली, आणि हजेरीपटावर नाव मिळाले. ओसरीवरच्या सालापेक्षा ही मोठी गोष्ट होती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत हे मोजमाप तेथे संपले. भोंगा झाला की पाळी सुटली. घरी गेलेल्या कामगाराला रात्री गुरांकडे बघून ये, असे कोणी म्हणू शकत नव्हते.

परंतु हजेरीपटावर नाव आले म्हणून त्या नावाला आवाजही आला, असे झाले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातले कारखान्यांचे आणि कामगार संघांचे कायदे संस्थानाला आपोआप लागू नव्हते. तेथे दरबार ठरवील तो कायदा. राज्याचा कारभार उर्दूत चाले आणि मराठी मजुराला तो वाचता येत नसे. सर्वांवर कडी म्हणजे १९२९ ची ‘गश्ती निशान ५३’. या हुकुमान्वये सरकारच्या परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. लोखंड्यांनी परळला पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे केले ते नांदेडात करावयाचे, तर आधी अंमलदाराकडे अर्ज करावा लागे! आपण येथे व्याख्यानाला सहज येऊन बसतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कामाच्या ठिकाणचा न्याय हा एकट्यादुकट्याने मागता येत नाही. त्यासाठी चार माणसांना एकत्र बसण्याची मुभा लागते. मराठवाड्यात कामगारांचा प्रश्न राजकीय स्वातंत्र्याच्या प्रश्नाला जोडला गेला तो या कारणाने.

या दोन प्रश्नांची सांगड एकाच माणसाच्या चरित्रात पडलेली आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव नांदेडच्या विद्यापीठाला दिलेले आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून ते सर्वांस परिचित आहेत. परंतु संन्यास घेण्यापूर्वी, व्यंकटेश खेडगीकर या नावाने, त्यांनी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत काम केले होते, हे फारसे सांगितले जात नाही. जोशी म्हणजे १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्याजवळ कामगारांची पत्रे आणि गाऱ्हाणी हाताळलेला तरुण पुढे हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत मुले शिकवू लागला. ज्या प्रजेला आपल्या खाली अंगठा उठविलेला कागद वाचता येत नाही, तिच्यासाठी शाळा काढणे हेही कामगारांचेच कार्य होते, असे आम्ही समजतो. त्यांना स्वतःला तसे वाटत होते की नाही हा प्रश्न वेगळा.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि निजामी राजवट संपली. त्यानंतर गोष्टी वेगाने घडल्या. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगार हा गुन्हा ठरला. १९५१ साली संसदेने एक कायदा करून मध्यवर्ती कायदे जुन्या संस्थानी मुलखांना लागू केले. १९२३ चा नुकसानभरपाईचा, १९२६ चा कामगार संघांचा आणि १९३६ चा वेतन देण्याविषयीचा असे तीन कायदे एका फटक्यात हैदराबाद राज्यात आले. मुंबईला जे मिळावयाला पंधरा ते अठ्ठावीस वर्षे आधी सुरुवात झाली होती ते नांदेडला एका एप्रिलमध्ये मिळाले. आठ तासांच्या दिवसाचेही तसेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. गिरणीतल्या माणसाला याचा लाभ झाला. ओसरीवरच्या सालगड्याला आठ तास म्हणजे काय हे कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तर मालकांनी हसून नेले असते.

उस्मानशाही मिल पुढे १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, नांदेड टेक्स्टाईल मिल झाली, आणि अखेर बंद पडली. गिरणी बंद झाली तेव्हा हजेरीपटच मिटला. कामगाराच्या हक्कांचा हा भाग कोणत्याही कायद्याला नीट सोडविता आलेला नाही: काम असताना हक्क आहेत, कामच गेल्यावर ते कोणापुढे मागावयाचे?

आता लातूरकडे वळू. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातूरला पोचली आणि तेथील अडत बाजाराचे दिवस पालटले. तूर, ज्वारी, करडई, भुईमूग आणि अलीकडे सोयाबीन, हा सारा माल हमालांच्या पाठीवरून गाडीत चढला. अडत्याच्या चोपडीत शेतकऱ्याचे नाव असे, खरेदीदाराचे असे, वजन असे, भाव असे, आणि पट्टीतून कापलेली हमालीही असे. हमालाचे नाव मात्र नसे. तो कोणाचा नोकर? शेतकऱ्याचा म्हणावे तर शेतकरी संध्याकाळी गावी जातो. अडत्याचा म्हणावे तर अडत्या म्हणतो, मी कोण देणार, हमाली पट्टीतून जाते. खरेदीदार तर माल उचलून मोकळा. तीन धनी आणि जबाबदार एकही नाही, अशी ही नोकरी. पोते शंभर किलोचे, पाठ एकाची, आणि पन्नाशीला ती पाठ वाकली की बाजाराशी संबंध संपला.

हे कोडे सोडविण्याची महाराष्ट्राची युक्ती खरोखर नामी आहे, आणि तिचे श्रेय कामगारांच्या संघटनांना दिले पाहिजे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना एकत्र केले. पुण्यात १९५५ च्या सुमारास बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. धनी कोण हा वाद त्याने बाजूला ठेवला. प्रत्येक धंद्यासाठी एक मंडळ. मंडळाकडे व्यापाऱ्याची नोंद आणि हमालाचीही नोंद. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरावयाची. मंडळाने हमालाला मजुरी द्यावयाची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, बोनस यांची सोय करावयाची. वही प्रथमच तिसऱ्याच्या हाती गेली. जोडीला १९६३ च्या बाजार समिती कायद्याने समितीवर हमाल-मापाड्यांचा प्रतिनिधी निवडून देण्याची सोय ठेवलेली आहे. ज्याच्या पाठीवर पोते त्याचे समितीत मत, ही गोष्ट लहान नव्हे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने उचलावयाचे ओझे पंचावन्न किलोंच्या आत असावे अशी शिफारस केली. आपल्याकडे शंभराचे पोते पन्नासावर यावयाला हमालांना पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले. कायदा मंडळे नेमतो. परंतु नोंद न करणारा व्यापारी आणि नोंद न झालेला हमाल आजही बाजारात समोरासमोर भेटतात, हे बाजारात एक फेरी मारणाऱ्यास सांगावयास नको.

याहून मोठा पालट झाला तो दुष्काळात. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याने विसरणे शक्य नाही. मिलो ज्वारी, सुकडी, फुफाट्याचे रस्ते आणि खडीचे ढीग यांच्या आठवणी अजून घरोघर निघतात. १९७३ च्या मे महिन्यात साऱ्या महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कालपर्यंत ज्याच्या बांधावर दुसऱ्यांनी मजुरी केली तो शेतकरीही पत्नीसह खडी फोडावयास आला आणि त्याच मस्टरवर त्याच रांगेत त्याचे नाव लागले. गावात ज्यांनी कधी एका ओळीत बसू नये असा रिवाज, ती नावे कारकुनाने एकाखाली एक लिहिली. बाईच्या नावापुढे निराळा रकाना झाला, आणि तिचा अंगठा तिने स्वतः उठविला.

वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूरला रोजगाराच्या हमीचा जो प्रयोग केला होता तो याच दुष्काळात राज्यभर योजना म्हणून रुजला. विधिमंडळाने १९७७ साली त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यावे, नाही तर बेकारभत्ता द्यावा. स्त्रीपुरुषांना मजुरीचा दर एकच असावा. खर्चासाठी शहरांतल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर १९७५ पासून व्यवसायकर बसविण्यात आला. आपणांपैकी ज्यांच्या पगारातून तो कापला गेला असेल, त्यांनी कुरकुर केली असेल. आम्हीही केली आहे. परंतु कोणत्या तरी पाझर तलावावरच्या अनोळखी बाईच्या रोजात आपला वाटा होता हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नव्हते.

या योजनेचा ओसरीवर झालेला परिणाम अभ्यासण्यासारखा आहे. शेजारी सरकारी काम मिळू शकते एवढे कळले की पाडव्याच्या बोलण्यात गड्याचा स्वर बदलतो. मालक म्हणू लागले, योजनेने मजूर माजले. आमच्या मते, मजुराला नाही म्हणता येऊ लागले, यालाच ते माजणे म्हणत होते. खोटी मस्टरेही या योजनेने पाहिली. कामावर न आलेल्यांची, क्वचित मेलेल्यांचीही नावे लागली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने यावर एक उपाय योजला. २००६ च्या फेब्रुवारीत देशातल्या ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत तो आला त्यांत नांदेड होते. त्यात कामाची आणि मजुरीची नोंद असलेले जॉबकार्ड मजुराच्या घरी राहावयाचे होते. म्हणजे वही अखेर मजुराच्या फडताळात! पुष्कळ ठिकाणी ती कार्डे ‘हरवू नयेत म्हणून’ गावच्या दप्तरातच ठेवली गेली, यावरून त्या कार्डाची किंमत दोन्ही पक्षांना किती बरोबर कळली होती हे दिसते.

येथे एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकतो. सालगडी घरचाच माणूस, त्याच्याशी कसला लेखी करार? कागद आला की माया आटते. हा आक्षेप ढोंगाचाच असतो असे आम्ही म्हणणार नाही. गड्याच्या मुलीच्या लग्नात उभी राहिलेली घरे आम्ही पाहिली आहेत. परंतु ज्या वर्षी मालकाचे पीक बुडते, किंवा गड्याचा हात कडबा कापण्याच्या यंत्रात जातो, त्या वर्षी ही माया कोणत्या कलमाखाली मागावयाची? १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याने या बाबतीत फार शहाणी तरतूद केली. कर्ज वेठीचे आहे असे गड्याने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला. सावकाराच्या वहीने शेकडो वर्षे जो भार गड्यावर ठेवला होता तो उलटला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आणखी पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीसुद्धा घटनेने मना केलेली वेठच होय.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या, आणि आस्थापनांतल्या कामगाराला लेखी नियुक्तिपत्र देण्याचे बंधन त्यांत आहे. त्यांच्या इतर कलमांवर कामगार संघटनांचे तीव्र आक्षेप आहेत. तो वाद आज येथे नको. पाडव्याच्या बोलण्यांत असे पत्र अद्याप आमच्या पाहण्यात आलेले नाही.

आणि एक वही अशी आहे की तिच्याकडे अजून कोणाचे पुरते लक्ष गेलेले नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो आणि आपल्या वहीत मांडतो. त्या वहीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते; पहाटे भाकरीही तिनेच थापलेली असते. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर, आणि दुखण्यामुळे ती फडात आली नाही तर त्या दिवसाचा खाडा दोघांच्या मिळून एका नावावर. १९७३ साली खडीच्या ढिगापाशी बसून जिने मस्टरवर आपला स्वतंत्र अंगठा उठविला होता, तिची नात आज अर्धा कोयता म्हणून फडात उभी आहे.